खळ्यावर वाळलेल्या सतरंज्या

आमच्या लहानीसारखा धुवायचा हात धसईपासून मुरबाडपर्यंत दुसऱ्या बाईला नाय. विचारा कुणालाबी. बाकीच्या बाया कपडा आपटतात, लहानी कपडा हातात घेऊन आधी बघते, ह्याला काय सोसेल. आईचा हात तसाच होता, आणि घरातल्या शेंडेफळाला तो पुरा आला.

लग्न होऊन ती नदीकाठच्या वाडीत गेली. नदीपलीकडच्या गावात तीसेक मुसलमान घरं आणि एक लहान मशीद. तिची सगळी देखभाल फकीचाचांकडं. बांग तेच द्यायचे, झाडू तेच मारायचे. चौऱ्याण्णव साली त्यांनी लहानीला नदीवर गोधड्या धुताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मशिदीतल्या सतरंज्या घेऊन आले. नमाजाला माणसं ओळीनं उभी राहतात, त्या लांब पट्ट्याच्या. कुणी शेतातनं येतो, कुणी एसटीतनं उतरून तसाच आत जातो. सगळ्यांचे पाय तिथंच, आणि सगळ्यांची कपाळंबी तिथंच.

"वाहतं पानी पायजे," चाचांनी सांगितलं. "तीन पानी द्यायची, दर पान्याला पिळायचं. नुसती साफ दिसून भागत नाय लहानी, पाक व्हायला पायजे."

लहानीनं एकदाच ऐकलं. सतरंज्या परत देताना तिनं प्रत्येकीच्या एका काठाला लाल दोरा टाचला होता.

"ह्यो कशाला?"

"ही डोक्याची बाजू. तुमी कशीबी हातरता, मंग पायाची जागा डोक्याखाली येते."

चाचा दोऱ्याकडं बघत राहिले. "तीस वर्सं हातरतोय. आमच्यात कुनाच्या डोक्यात आलं नाय."

"तुमची डोकी खाली टेकलेली असतात चाचा. बघनार कुठनं?"

तेव्हापासून नऊ वर्षं ते काम लहानीचंच. कपडे धुणाऱ्या बाया गावात पुष्कळ होत्या, पण मशिदीची सतरंजी लहानीशिवाय कुणाच्या हातात गेली नाय. वाडीत तिला त्याचा मान होता, आणि तो मान तिला पगारापेक्षा मोठा वाटायचा.

मग दोन हजार तीनची रमजान ईद आली. भातझोडणीचे दिवस. जुन्या पार फाटल्या म्हणून मशिदीनं त्या काढून टाकल्या आणि कल्याणवरनं चार नव्या सतरंज्या आणल्या, चांगल्या वीस-वीस हाताच्या. ईदेच्या आधी एकदा धुऊन पाहिजेत म्हणाले. लहानीनं तीन पाणी दिली, पण नेहमीच्या कातळावर त्या मावेनात. अर्ध्या मातीत लोळायला लागल्या.

तेव्हा तिला खळं आठवलं. देवाची वस्तू वाळवायची तर जागा तशीच पाहिजे. तिनं भाताच्या पेंढ्या बाजूला सारल्या, ताजं शेण कालवलं आणि सगळं खळं हातानं सारवून काढलं. असं की जमिनीवरच भात वाढून खावा. त्यावर चारी सतरंज्या ओळीनं पसरल्या. दिवसभर कोंबड्या हाकत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी झटकून, काठांना लाल दोरा टाचून, घड्या घालून, नवऱ्याच्या, जगदीशच्या, सायकलवरनं मशिदीत पोचवल्या. एकोणतिसावा रोजा होता. चंद्र दिसला तर उद्याच ईद.

परत निघताना बाहेरच्या नळावर दूधवाला रशीद लेंग्याचा काठ चोळत बसलेला.

"काय रशीदभाऊ, आज कापडं हितंच का?"

"गोठ्यातनं आलो गो. शेन लागलंय. असा आत गेलो तर नमाज व्हायची नाय माजी."

लहानी हसायला गेली, पण हसू तोंडातच राहिलं. "शेनानं?"

"शेन नापाक ना आमच्यात. धुतल्याबिगर कसं चालंल?"

जगदीश सायकल घेऊन पुढं गेला, ती मागनं चालत राहिली. हातात काय धरावं तिला कळेना. जिथं देव बसवायचा तिथं आधी शेणानं सारवायचं, हे तिच्या हाताला उपजत माहीत. तोच हात तिनं नको तिथं फिरवला होता. ओलं खळं, ओल्या सतरंज्या. दुपारी त्यावर पंधरा-वीस माणसं कपाळं टेकणार. उद्या दीडशे. महिनाभर उपाशी राहिलेली.

घरी सासूला, धोंडीबाईला, सांगितलं. सासू सूप पाखडत होती.

"कोन बगायला आलंय? वाळल्या, झटकल्या, गेल्या. गप बस."

"आई, त्यांची नमाज बाद होईल."

"त्यांना म्हाईत नसंल तर त्यांना काय दोस? आनि तू सांगितलंस की काम गेलं. वर लोक म्हनतील, मुद्दाम केलं बाईनं. त्याचा इचार कर."

हाच विचार लहानीलाबी सुटत नव्हता. मुद्दाम केलं म्हणाले तर? नऊ वर्षांचा लाल दोरा एका दिवसात तुटणार. ती चुलीपुढं बसली, उठली, दारात गेली, परत बसली. सूर्य डोक्यावर येत चालला. दुपारच्या बांगेला अर्धा तास राहिला असेल. तिनं पदर खोचला आणि नदीतनंच पलीकडं धावली.

चाचा आत सतरंज्या अंथरत होते, लाल दोरा बघून, डोक्याची बाजू नीट लावत. लहानी उंबऱ्याबाहेर थांबली.

"चाचा, हातरू नका."

"का गो?"

"माजी चूक झाली. खळ्यावर वाळवल्या. खळं शेनानं सारवलं होतं. चांगलं म्हनून सारवलं, चाचा. मला ठावं नव्हतं."

चाचांच्या हातातला काठ तसाच राहिला. त्यांनी हळूच विचारलं, "शेन सुकलेलं होतं ना? पार सुकलेलं असंल, आनि सतरंज्याबी कोरड्या, तर गोस्ट येगळी."

लहानीला कळलं की म्हाताऱ्यानं दार उघडून धरलंय. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. काम राहिलं असतं, ईद झाली असती, सासूबी गप्प झाली असती. तिच्या हाताच्या रेषांत अजून हिरवट रंग होता.

"ओलं होतं," ती म्हणाली. "दोन्ही ओलं."

बांगेची वेळ झाली होती. चाचांनी चारी सतरंज्या गुंडाळल्या, उंबऱ्याबाहेर आणून ठेवल्या आणि बांग द्यायला गेले. त्या दुपारी नमाज उघड्या फरशीवर झाली.

लहानी नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. तीन पाणी दिली, मग मनाची खात्री होईना म्हणून आणखी तीन. बोटं पांढरी पडली. जगदीशनं आंबा आणि जांभळीच्या मधे दोर बांधला. सतरंज्या टांगल्या तेव्हा ऊन उतरलं होतं, काठातनं पाणी टपकत होतं. आता एकच आशा, आज चंद्र दिसू नये. दिसला नाय तर उद्याचा पुरा दिवस मिळतो. तिला कुणाच्या सणाचं वाईट चिंतायचं नव्हतं, तरी ती पश्चिमेच्या डोंगराकडं बघून तेच मागत होती.

डोंगरावर केसाएवढी कोर दिसली. पलीकडनं पोरांचा गलका आला.

सकाळी अलीकडच्या गावांतनं मशिदीत नमाजाला जाणारी सगळी माणसं वाडीवरनंच गेली, नवे कपडे घातलेली, काखेत घरच्या चादरी. दोरावर ओल्या सतरंज्या लोंबत होत्या. माणसं त्यांच्याकडं बघत होती, मग लहानीकडं. ती आत गेली नाय. जे केलंय त्याच्याशेजारीच उभी राहिली.

नमाज सुटल्यावर फकीचाचा आले. हातात शिरखुर्म्याचा डबा. तो त्यांनी धोंडीबाईकडं दिला आणि सरळ दोराकडं गेले. काठ चिमटीत धरला, लाल दोरा चाचपला.

"लोक इचारत होते, चादरी का आनायला लावल्या," ते म्हणाले.

लहानी दोराजवळ आली. "काय सांगितलंत?"

"जे झालं ते. धुनारीनं सोता येऊन सांगितलं म्हनून." त्यांनी सतरंजी उलटी केली, खालचं अंग उन्हाकडं केलं. "अजून ओल्या हायेत. शुक्करवारपर्यंत सुकतील ना?"

"सुकतील."

"मंग शुक्करवारी सकाळी घेऊन ये. कोंबड्या तेवढ्या हाकत ऱ्हा."

ते गेले. लहानीनं दुसरी सतरंजी उलटी केली, मग तिसरी. दोर जरा खाली आला होता. तो तिनं जगदीशला सांगून आणखी वर ताणून घेतला.