सोनगीरपलीकडची बंद धावपट्टी

सावद्याला सासुरवाडीला जाताना दर वेळी धुळ्याहून जळगावचा रस्ता धरायचा आणि ट्रकांच्या मागे रांगत जायचं, याचा कंटाळा आला होता. म्हणून यंदा दिवाळीनंतर बायकोला म्हटलं, "सोनगीरवरून अमळनेर, चोपडा करत जाऊ. वाटेत ती विमानांची बंद पडलेली धावपट्टीही बघता येईल."

"बंद पट्टीत बघायचं काय?" वैशाली म्हणाली, पण गाडी चालवायला तीच बसली.

सकाळी नाशिक सोडलं. महामार्ग झकास. धुळ्याजवळच्या ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. दोघांचं तीनशेत भागलं. पाणी मात्र आधी मागवून ठेवा, तिखट डोक्यात जातं. सोनगीरचा किल्ला मागे टाकून एका फाट्याला वळलो. शेवटचा रस्ता निव्वळ खडी आहे, छोटी गाडी जपून न्या.

पट्टीला फाटक उरलंच नव्हतं. कडेच्या खोल्यांची दारं, तारा, पत्रे, सगळं लोकांनी काढून नेलेलं. 'इथे उतरू नका' सांगणारी टोकाची पांढरी फुली फिकट होऊन जेमतेम दिसत होती. अलीकडच्या अर्ध्या भागात पिवळीधमक मका पसरलेली. ती राखत एक अक्का आणि त्यांचे मालक, नाना, बसले होते.

"गावनी बठ्ठी मका आठेच वाळस," अक्का म्हणाल्या. सगळ्या गावाची होती ती.

पलीकडच्या मोकळ्या भागात मोठमोठ्या दगडांच्या आडव्या रांगा होत्या. कशाला, म्हणून विचारलं.

"पोरं गाड्या पळाडतस," नाना वैतागून म्हणाले. "म्हनीसन दगडं ठी दिधात."

मी फोटो काढत होतो, तेवढ्यात वर विमान दिसलं. शिकाऊ वैमानिक चालवतात तसलं, लहानसं. त्याचा आवाज मध्येच तुटत होता. ते आमच्यावरून पुढे गेलं, लांबवर वळलं, आणि आवाज थांबला.

"इमान खाले ई राहिनं!" अक्का ओरडल्या.

चौघंही दगडांकडे धावलो. काही दगड एकट्याला हलत नव्हते. नाना आणि मी ते ढकलत होतो, अक्का आणि वैशाली लहान उचलून गवतात टाकत होत्या. नखं फाटली, कळलंही नाही. एक रांग निघाली, दुसरी अर्धी निघाली. तेवढ्यात विमान समोर आलं, अगदी खाली, आणि आवाज काहीच नाही. पंखा स्थिर दिसत होता.

"नाना, सोडा तो दगड!" मी ओरडलो.

नाना सोडेनात. मी त्यांच्या कमरेला मिठी मारून मागे ओढलं आणि दोघं गवतात पडलो. विमान उरलेल्या दगडांवरून येऊन आमच्या पायांपाशी, मोकळ्या केलेल्या जागेत टेकलं, उसळलं, मक्यात घुसलं. दाणे चहूकडे उडाले. मग ते तिरकं होत कडेला जाऊन थांबलं.

दार उघडलं आणि एक मुलगी उतरली, विशीतली. दोन पावलं टाकून मटकन खाली बसली. अक्कांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "पानी पी, माय. काही नई जायं."

"वरून फक्त पट्टी दिसली," ती म्हणाली. "दगड दिसलेच नाहीत."

नानांनी तोंड फिरवलं.

पोलीस आले, तिची माणसं आली, आमचे जबाब झाले. सावद्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सासूबाईंनी भरीत वाढलं, तेव्हा कुठे फाटलेली नखं झोंबायला लागली.

नाशिकला परतल्यावर काही आठवड्यांनी नानांचा फोन आला. कुणीतरी जेसीबी आणून पट्टीत आणि वाटेत आडवे, खोल चर खोदले म्हणे. आता तिथे कुणालाच जाता येत नाही. मका डांबरी रस्त्यावर वाळते.

"इमान परत उनं तं?" नानांनी विचारलं. आलंच, तर त्याला उतरायला आता जागा नव्हती.

बघायला जायचा बेत असेल, तर आता जाऊन उपयोग नाही. आमच्या घरावरून विमान गेलं की वैशाली हातातलं काम टाकून गच्चीत जाते. त्याचा आवाज पार विरेपर्यंत आत येत नाही. मीही तिच्या शेजारी उभा असतो.