पाकिटावरची पोरगी

अकोल्याच्या जुन्या शहरात बायकांचा एक पापड उद्योग आहे. त्यांना नवा लोगो, नवी पाकिटं, नवे रंग, सगळंच नवं पाहिजे होतं. ते डिझाइनचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी अमरावतीहून बडनेऱ्याला येऊन गाडी धरायची आणि तिथे जायची. जुन्या पाकिटावर एका पोरीचा फोटो होता. दोन वेण्या, लाल रिबिनी, पुढचा एक दात पडलेला. उद्योग सुरू करणाऱ्या मावशींची ती एकुलती एक लेक. तापाने गेली तेव्हा दुसरीत होती. त्यानंतर मावशींनी पापड लाटायला घेतले, आणि पहिल्या पाकिटापासून तिचाच फोटो लावला.

हे मला उद्योगाच्या आताच्या अध्यक्षबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "पण आता चेहरा नको. मॉडर्न पाहिजे." या शब्दाचा मला वीट आलाय. ज्याला काय हवं ते सांगता येत नाही, तो मॉडर्न मागतो. तरी बाईंचं अगदीच खोटं नव्हतं. मोबाइलवर तो फोटो शेंगदाण्याएवढा दिसायचा, आणि मोठ्या दुकानांतले लोक विचारायचे, हे लहान मुलांचं काही आहे का?

मी भांडले मात्र. फोटोवरून रेषांचं चित्र केलं, वेण्या ठेवल्या, पडका दातही ठेवला. बैठकीत आधी दात गेला, कारण पापड खायला दात लागतात म्हणे. मग नाक-डोळे गेले. शेवटी एक गोल आणि बाजूला वेण्यांच्या दोन बाकदार रेषा उरल्या. कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "सूर्यासारखं वाटते," आणि तेच सगळ्यांना आवडलं.

मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "तुमाले जे बरं वाटते ते करा."

आमच्याकडे हे 'नाही' म्हणणंच असतं. तिथल्या प्रत्येकीला ते ठाऊक होतं. प्रत्येकीनं घरी कधी ना कधी हेच वाक्य वापरलेलं होतं. पण सगळ्यांनी ते 'हो' धरलं आणि पुढच्या विषयावर गेल्या. मला असा संताप आला की मी लॅपटॉप बंद करून उठलेच.

नवी पाकिटं बाजारात आल्यावर मावशींचा फोन आला. "पोरी, जुन्या पाकिटावरचा फोटो तुह्या कंप्युटरमंदी असन ना? मोठा काढून दे. असली फोटो छापखान्यात गेला, तो आलाच नाई."

माझ्याकडच्या पाकिटाच्या स्कॅनमध्ये पोरीच्या खांद्यावर 'मूग' छापलेलं होतं, गालांवर छपाईचे ठिपके. ते काढता काढता दुपार गेली. शाळेच्या ड्रेसची कॉलर मला अंदाजानंच रंगवावी लागली.

फ्रेम करून मी त्यांच्या घरी गेले. भिंतीत खिळा आधीच ठोकलेला होता. मी फ्रेम लावली, तर मावशींनी पिशवीतून चंदनाचा हार काढला.

"इतकी वर्षं घातला नव्हता?" मी विचारलं.

"कायले घालू? रोज दुकानात जाये, लोकाईच्या घरी जाये. हिंडत्या-फिरत्या लेकराले कोनी हार घालते काय?" त्यांनी हार माझ्या हातात दिला. "आता घरीच हाय ते. तूच घाल. माहा हात नाई पुरत."

मी खुर्चीवर चढून घातला. उतरताना मला रडू आवरलं नाही. मावशी भिंतीकडे पाठ करून पिशवीची घडी घालत होत्या.