कातडीखालचं काम

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, तेलीबांध्याकडे नवी ऑफिसं उभी राहिली. पण त्याच शहरातल्या गुढियारी वस्तीत राहणाऱ्या उल्का ठवकरनं त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. कॉलेजात असताना तिला स्किझोफ्रेनिया झाला. गोळ्यांनी कानातले आवाज बरेच मंदावले, तरी एक धास्ती मागे राहिली, सूर्य आपल्यावर नजर ठेवतो. म्हणून ती दिवसा बाहेर पडत नसे. थोरला भाऊ शालिग्राम रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला होता. त्यानंही कधी जबरदस्ती केली नाही.

चाळिशी उलटली तशी तिची हाडं ठणकू लागली. दोन पायऱ्या चढल्या की मांड्यांत जीव राहीना. शालिग्रामचा राग गोळ्यांवर निघाला.

"ह्या गोळ्याच तुले खाऊन राहिल्या. बंद करून टाकू."

उल्काला गोळ्या नसतानाचे दिवस आठवत होते. "नको दादा. आधी मॅडमले विचारू."

तिला गोळ्या देणाऱ्या डॉक्टर मंजिरी पुण्याहून इथे आलेल्या. त्यांनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट पाहून त्या शालिग्रामला म्हणाल्या, "गोळ्या अजिबात थांबवायच्या नाहीत." मग उल्काकडे वळल्या. "तुमच्या रक्तात डी जीवनसत्त्व फारच कमी आहे. औषध देते. पण थोडं ऊनही घ्या. ते अंगावर पडलं, की कातडीच हे जीवनसत्त्व बनवते."

"माझी कातडी?"

"हो, तुमचीच."

ज्याच्यापासून इतकी वर्षं लपत आलो, तो आपल्या हाडांसाठी काही घडवतो? संध्याकाळी परतताना रिक्षात ती स्वतःचाच हात उलटासुलटा करून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गच्चीवर बसली. पाठ भिंतीला घट्ट टेकवून, मान खाली घालून.

"भेव लागून राहिलं का?" शालिग्रामनं विचारलं.

"हव. पण बसतो मी."

तिनं बाही वर सरकवली. हात हळूहळू तापला. ना काही दिसत होतं, ना ऐकू येत होतं, आणि आत काम चाललं होतं. ती श्वाससुद्धा जपून घेत होती.

"दादा, हे सगळ्यांच्याच अंगात होते?"

"होत असंल."

"मग कोणी बोलत काहून नाही?"

शालिग्रामही आपल्या मनगटाकडे पाहू लागला.

काही महिन्यांत ठणका ओसरला. धास्ती पुरती गेली नाही; एखाद्या दिवशी ती घरातच राही. पण त्या हिवाळ्यात ती भावाबरोबर तेलीबांध्याच्या तलावावर गेली. काठावर माणसं उन्हात पाठी शेकत, शेंगा खात बसली होती. उल्का एकेकाच्या उघड्या हातांकडे, मानेकडे देवळात पाहावं तशी पाहत राहिली, आणि मग त्यांच्यातच जाऊन बसली.