कुबड्यावरचा सूर्य

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा ते डिसेंबरातलं ग्रहण आलं. घरात सगळे माझ्याशी जपून बोलायचे. टीव्हीचा आवाज कमी, कालवणातला चांगला तुकडा माझ्या ताटात. मला त्याचा वीट आला होता. जिच्यासाठी ही शांतता चालली होती ती आयुष्यभर मोठ्याने बोलली. बोईसरच्या बाजारात सुके बोंबील घेऊन बसली की रस्त्याच्या पलीकडून ऐकू यायची.

तिचं माझं एक भांडण मिटायचं राहिलं होतं.

फार वर्षांपूर्वी असंच सकाळचं ग्रहण होतं आणि मी बोटीवर होतो. जाळं ओढताना उजेड एकदम उतरला. वर बघतो तर सूर्य विळ्यासारखा झालेला आणि नेमका कुबड्यावर टेकलेला. कुबड्या म्हणजे आमच्या उगवतीचा डोंगर. दर्यावरून परतताना आम्ही त्याची खूण धरतो. त्याचं कुबड बोटीच्या नाळेसमोर, म्हणजे पुढच्या टोकासमोर आलं की बंदर सरळ पुढ्यात. बाकी त्या डोंगराशी आमचा संबंध नाही, कधी कोणी तिकडे गेलंही नव्हतं.

घरी येऊन सांगितलं. बायको आणि तिची धाकटी बहीण दार लावून, पाण्यात तुळशीचं पान टाकून बसल्या होत्या.

"सूर्याचा विळा?" बायको म्हणाली. "आणि तो डोंगरावर ठेवलेला? बोटीवर काय पीत होते तुमी?"

बहिणीने लगेच मान डोलावली. त्या दिवसापासून मी घरात थापाड्या. पाहुणे आले की चहाबरोबर हे ठरलेलं. "ह्यांना इचारा, ह्यांनी सूर्याचा विळा बघितलाय." शेवटच्या आजारपणात दवाखान्यातसुद्धा तिने डॉक्टरला सांगितलं, "माझं राहू द्या, आधी ह्यांचे डोळे तपासा."

म्हणून या ग्रहणाचा फोटो काढायचाच, असं मी ठरवलं. विळा आणि कुबड्या, दोन्ही एकाच फोटोत. तिच्या तसबिरीसमोर ठेवायचा आणि म्हणायचं, बघ.

फोन सुनेचा. ती तारापूरला कंपनीत जाते, तिला यातलं कळतं. म्हणाली, "बाबा, नुसता फोन सूर्यावर धरला तर पांढरा गोळा येईल. पुढे काळी फिल्म पाहिजे."

घरात काळी फिल्म एकच होती. बायकोच्या छातीचा एक्स-रे. सून तो माझ्या हातात देईना.

"भांडण तिचं हाय," मी म्हणालो, "तर फिल्म पण तिचीच."

"पण डोळ्याला लावायची नाही हां. डोळ्याला हा ग्रहण बघायचा कागदी चष्मा."

आदल्या दिवशी किनाऱ्यावरून फोनमध्ये बघितलं तर कुबड्या नखाएवढा. बोटीवरचा माझा जुना भागीदार शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "बंदराकडं येताना डोंगर वर येतो का नाय? मग जवळ जाऊ की." एवढं सोपं. सकाळी त्याच्या स्कूटीवर आम्ही दोघं म्हातारे बसलो. एक्स-रे मी शर्टाच्या आत घातला.

मेहुणीचं घर आमच्याला लागून. ती दारातच उभी होती.

"भावोजी, ग्रहणात कुठं चाललात? ताईला काय वाटंल?"

"तिलाच दाखवायचंय."

"काय दाखवणार? विळा?" असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

पाम गाव मागे पडलं, बोईसरची पाळी सुटलेली गर्दी मागे पडली, कंपन्यांचा वासही मागे पडला. पुढे शेतं लागली, मग पाडे. आणि कुबड्या नाहीसा झाला. समोर डोंगर होते, पण कुबड कोणालाच नाही. ज्याच्या भरवशावर जन्मभर घरी आलो तो जवळ गेल्यावर ओळखता येईना. भागीदार म्हणाला, "समुद्रात बरा होता."

ग्रहण लागलं होतं. चष्म्यातून बघितलं तर सूर्याच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखं दिसत होतं. डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई येत होती. तिला विचारलं, "बाय, कुबड्या कुठं हाय?"

"आमच्या पाड्यात एक हाय," ती म्हणाली, "पण तो वीटभट्टीवर गेलाय."

डोंगराबद्दल विचारतोय असं सांगितल्यावर तिने मोळी खाली ठेवली आणि पोट धरून हसली. "डोंगराला कुबड्या कोण बोलतं?"

"आमी. दर्यावरनं."

"मग दर्याकडनं बघा ना. हितं तुमी त्याच्या कुशीत उभे हात."

आम्ही त्याला वळसा घालून भलत्या अंगाला आलो होतो. स्कूटी फिरवली. समुद्र पाठीशी ठेवत भाताच्या कापलेल्या शेतात आलो आणि कुबड उभं राहिलं. भागीदाराने टोपी काढून त्याला रामराम केला. बाई मोळी तिथेच टाकून मधल्या पायवाटेने आमच्यामागून आली, तिलाही बघायचं होतं.

सूर्य कुबडाच्या बराच वर होता. मग भागीदार बोटीवरच्यासारखा ओरडायला लागला, "पुढं घे! अजून पुढं!" मी बांधावरून चालत गेलो तसा डोंगर वर वर येत गेला. शेवटी सूर्य त्याच्यावर टेकला. ऊन होतं, पण त्यातला जीव गेलेला. बाईने चष्मा लावला आणि म्हणाली, "अगं बया, कोयता!"

मी तिला म्हणालो, "हे माझ्या बायकोला सांगायला पाहिजे होतंस."

पण फोटो येईना. एक्स-रे लावला की विळा दिसायचा आणि डोंगर गायब. काढला की डोंगर दिसायचा आणि सूर्याचा पांढरा डाग. असाच वेळ गेला असता तर विळ्याचा परत गोळा झाला असता. भागीदार म्हणाला, "अर्धाच लाव की. वर फिल्म, खाली डोंगर." बाईने एक्स-रे फोनसमोर धरला आणि त्याची कड डोंगराच्या माथ्यापर्यंत आणली. मी बटण दाबलं.

आला. वर काळ्या आभाळात विळा, खाली कुबड्या. विळ्याच्या बाजूला फिकट ढगासारखी एक तिरकी रेघ होती. ढग नव्हता तो. माझ्या बायकोची फासळी होती. मी जरा वेळ बांधावर बसलो. भागीदाराने उगाच स्कूटीची हवा तपासली.

परत आलो तेव्हा ग्रहण सुटलं होतं. मेहुणी ग्रहणातलं पाणी ओतून हंडा पालथा करत होती. मी फोन तिच्या तोंडासमोर धरला. तिने हात पुसले, आपला वाचायचा चष्मा आणला, फोटो लांब धरला, जवळ धरला.

"हा चंद्र हाय," ती म्हणाली. "बीजेचा."

"सकाळी काढलाय! तूच बघितलंस ना जाताना?"

"जाताना बघितलं. काढताना कोणी बघितलं? काळोख हाय, कोर हाय, ढग हाय. संध्याकाळचा चंद्र हाय हा."

"अगं, आज अमावस्या! चंद्र कुठला आणू?"

"मग मागच्या बीजेला काढून ठेवला असंल. ताई बोलायचीच, भावोजींचा भरवसा नाय."

मी ओरडलो. ती माझ्या वर ओरडली. भागीदार साक्ष द्यायला पुढे झाला, तर त्यालाच म्हणाली, "तुमी दोघं एकाच बोटीतले." सुनेला पदर तोंडात धरावा लागला. शेजारचे बाहेर आले. घशाला कोरड पडेपर्यंत मी भांडलो, आणि वर्षभरात एवढं बरं वाटलं नव्हतं.

फोन घेऊन आत गेलो, तसबिरीसमोर धरला. तीसुद्धा बहिणीच्याच बाजूची, हे तोंडावरूनच कळत होतं.

बाहेर येऊन मी मेहुणीला सांगून टाकलं, "पुढच्या ग्रहणाला तुलाच स्कूटीवर बसवून नेतो."

"आधी आंघोळ करा," ती म्हणाली. "तसेच घरभर फिरताय."