नकाशाने न बांधलेलं स्टेशन

आमच्या नकाशाला ज्याने पंगतीत वाढलं, त्याला जगात कुणालाही वाढता येईल. एका लग्नात वाढप्या वरणाची बादली घेऊन समोर आला, तर याने ताटावर आडवा हात धरला. "पोयीवर नको टाकू. ते बंदर हाय, तिथं यानं उतरतेत. भाताच्या अंगानं टाक." वाढप्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, टाका हो कुठंही. ताटात मधोमध पोळी, भोवती सारख्या अंतरावर बुंदीच्या ढिगल्या, आणि वांग्याच्या रश्शाला भाताचा बांध. पंगत उठली तरी हा अंतराळ स्थानकाची पाहणी करत बसलेला!

खरं नाव सांगत नाही; जिथे बसेल तिथे नकाशा मांडतो म्हणून आम्ही त्याला नकाशाच म्हणतो. खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघणार नाही. अकोल्यात एका कर सल्लागाराकडे नोकरीला होता. आठवडाभर लोकांचे हिशेब सांभाळायचा आणि रविवारी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून, ऑटो करून अमरावतीला आमच्या घरी हजर व्हायचा. चप्पल दारात काढायच्या आधीच त्याचं बोलणं सुरू झालेलं असायचं. "आज एक असं ठेसन आनलं हाय ना बे, तुमी पागल होऊन जासान!"

खेळ तसा सोपा. एकजण मास्तर होतो आणि एक जग रचतो. बाकीचे त्यात आपापलं पात्र घेऊन शिरतात, काय करायचं ते तोंडाने सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे वीस तोंडांचा फासा ठरवतो. आमचं जग अंतराळातलं. खेळणारे आम्ही तिघे: मी, माझी बायको पल्लवी आणि औषधाचं दुकान चालवणारा गजू. मास्तर कायम नकाशाच. टेबलावर आमची परात उपडी पडायची, भोवती डब्यांच्या खोल्या, आणि त्यांना जोडणारे बोळ म्हणून लाटणं, उलथनं, हाताला लागेल ते. मग पल्लवी आतून ओरडायची, "भाऊजी, परात द्या, कणीक भिजवाची हाय."

"वयनी, तिथं दोन हजार लोकं राह्यतेत!"

"मंग त्याइले म्हना, घडीभर सरका. पोया तुमीच खाता ना?"

दोन हजार लोक मुकाट सरकायचे.

स्टेशन रचायला बसला की त्याचा पहिला शब्द ठरलेला. "पयले पानी. मंग हवा. मंग तुमच्या बंदुका-फिंदुका." अकोल्यात वाढलेला माणूस. नळ कधी येईल याची वाट बघण्यात त्याचं बालपण गेलं, त्यामुळे नळ आला की घरातलं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्याच्या प्रत्येक स्टेशनाच्या पोटात पाण्याची प्रचंड टाकी असायची, आणि वस्ती, दवाखाना, शाळा, सगळं टाकीला धरून. टाकीपासून लांबची खोली तो खलनायकाला द्यायचा. त्याहून मोठी शिक्षा त्याला सुचत नसे.

एकदा त्याने आम्हाला आपापली खोली स्वतः रचायला सांगितली. गजूने मोठ्या हौसेने पलंग मांडला, आरसा लावला आणि खिडकीत कूलर बसवला. नकाशाने गंभीर चेहरा करून विचारलं, "चालू करतं?"

"करतो ना."

"मंग तू मेला."

बाहेर हवाच नाही, तर कूलर ओढणार काय? उलट आतली हवा खिडकीतून भसकन बाहेर आणि मागोमाग गजू! गजू हार मानेना. "काहून मरीन? इतक्या गरमीत बिनकूलरचा मानूस राहीनच कसा?" आता विचार करा, अंतराळात जाऊन कूलर लावणारा माणूस वऱ्हाडाबाहेर कुठे जन्माला येईल का? वाद इतका रंगला की त्या दिवशी खेळ तिथेच राहिला. पुढच्या रविवारी नकाशा येऊन म्हणाला, "गजूचं बराबर हाय. तिथं थंडी नाई, गरमीच मारते. आतली गरमी बाहेर जातच नाई." आणि त्याने स्टेशनाला उष्णता बाहेर फेकणारे मोठमोठे पंख लावले. पंखांना नाव दिलं, गजूचा कूलर.

हवाबंद दारांची गोष्ट पल्लवीच्या डोक्यात शिरेना, तर हा आम्हाला उचलून बाळापूरच्या किल्ल्यावर घेऊन गेला. भर दुपारी! किल्ल्याला एकाआड एक दरवाजे आहेत. दोन दरवाजांच्या मधल्या जागेत आम्हाला उभं करून हा ओरडला, "मागचं दार बंद झाल्याबिगर पुढचं उघडाचं नाई! समजलं का? तुमी आता यानातून उतरले!" फिरायला आलेलं एक कुटुंब लांबून वळसा घालून गेलं. पण पल्लवीला समजलं, आणि तीही त्याच्याइतकीच ओरडायला लागली.

एका रविवारी आम्ही त्याच्या स्टेशनात असे चुकलो, असे धावलो, की गजूने टाकलेला फासा टेबलावरून थेट स्वयंपाकघरात गेला. खेळ संपल्यावर आम्ही तिघे एकदम बोलत होतो आणि नकाशा परात पुसत होता. मग म्हणाला, "तुमचं बरं हाय बे. मले सारे दरवाजे माईत असतेत. मले एकडाव तरी अशा ठेसनात घुसाचं हाय, जे मी नाई बांधलं." लगेच हसला आणि फासे गोळा करायला लागला. मला मात्र ते लागलं. इतकी वर्षं हा आमच्यासाठी जत्रा भरवत होता आणि स्वतः एकदाही पाळण्यात बसला नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला पुण्याला नोकरी लागली. जायच्या आधी एकच रविवार मिळणार होता. त्याला स्टेशनात घ्यायचं तर आता, नाहीतर राहूनच जाणार. आम्ही तिघे कामाला लागलो. अडचण एकच, या माणसाला पहिली खोली दाखवली की तो शेवटची सांगतो. मी रचलेली दोन स्टेशनं गजूनेच ओळखली, तिथे नकाशाची काय कथा! शेवटी पल्लवी म्हणाली, "टाकीच काढून टाकू. पानी भितीत भरू." दुहेरी भिंती, मध्ये पाणी, सगळ्या स्टेशनाला वेढून. सूर्याचे घातक किरणही अडतात म्हणे त्याने. आणि टाकीच्या जागी, स्टेशनाच्या पोटात, आम्ही आठवडी बाजार भरवला.

तो रविवार मी विसरणार नाही. मास्तरच्या खुर्चीत मी. नकाशा समोर, पाहुण्यासारखा अंग चोरून. पहिल्याच दारात म्हणाला, "उजवीकडं दवाखाना असन." होता. "खालतं इंजिन." होतं. गजूने कपाळावर हात मारला. नकाशाचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता, आणि ते बघणं अवघड होतं. मग तो नेहमीच्या सवयीने मधल्या दाराशी आला. "आता इथं टाकी." त्याने दार उघडलं. मी सांगितलं: समोर बाजार आहे. कांदे, मिरच्या, बांगड्या, आणि एक म्हातारी भाव करतेय.

नकाशा उभाच राहिला. खरोखरचा, खुर्ची मागे सारून. "मंग पानी कुठं हाय?"

"शोध."

काय शोधलं त्याने! मजले पालथे घातले, म्हातारीला विचारलं, दवाखान्याचे नळ उघडले तर धो धो पाणी, पण येतं कुठून? "अरे काय ठेसन हाय बे! काय ठेसन हाय!" डोळे लहान पोरासारखे. गाडीची वेळ झाली तरी सापडलं नाही. बडनेऱ्याच्या फलाटावर गजूने सांगायला तोंड उघडलं, तर याने त्याचं तोंड दाबलं. "खबरदार! मी अजून आत हाय." गाडी सुटली तेव्हा आम्ही तिघे वेड्यासारखे हात हलवत होतो. पल्लवी रडत होती, आणि मी पण.

दर रविवारी त्याचा फोन यायचा. सांगू नको म्हणायचा आणि एक अंदाज ठोकायचा. छतात? नाही. बर्फ करून बाहेर बांधलं? नाही. पावसाळा लागला, आणि एका सकाळी, रविवार नसताना, फोन वाजला. तो नुसता धापा टाकत होता.

"इथली भित ओली हाय बे! खोलीची भित! हात लावला तं पानी लागलं! आपल्याइकडं कधी पायली का अशी भित? भितीतच हाय ना? सांग, भितीतच ना?"

"भिंतीतच."

पलीकडे असा ओरडला की मी फोन कानापासून लांब धरला. पल्लवी पोळपाट सोडून धावत आली.

"सापडलं," तो म्हणाला. आवाज पार बसलेला. "म्हंजे मी आता बाहेर आलो."

पल्लवीने माझ्या हातातून फोन घेतला.

"भाऊजी, रविवारी सकायीच फोन लावा. दुसरं बांधून ठेवतो."