वडिलांची दुनाळी

वडील गेल्यावर त्यांची दुनाळी बंदूक नियमाप्रमाणे ठाण्यात जमा झाली. मी एकुलती एक मुलगी. बुऱ्हाणपुरात शाळेत शिकवते आणि चांदनीजवळचं केळीचं शेतही आता मीच बघते. रानडुकरं कंद उकरून टाकतात. वडील हवेत एक बार काढायचे आणि कळप पळायचा. म्हणून मी परवान्यासाठी अर्ज केला. दोन वर्षं खेटे घातल्यावर परवाना माझ्या नावावर झाला आणि बंदूक घरी आली.

त्याच दिवशी काका काडतुसं घेऊन हजर. "चल शेतात. दोन बार काढून बघतो, चालते का ते."

आईनं त्या बंदुकीला जन्मात हात लावला नव्हता. ती दारातच उभी राहिली. "आधी मिस्त्रीला दाखवा भाऊजी. तोवर बार काढायचा नाही."

"वहिनी, दादाची बंदूक आहे, मला शिकवता का?"

आई हलली नाही. काका रागावून चहा न घेताच गेले.

लोधीपुऱ्यात बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी आधी परवाना पाहिला, मग बंदूक मधून मोडून उघडली आणि नळ्या उजेडाकडे धरल्या.

"बेटी, इधर देख."

उजव्या नळीतून गोल उजेड दिसला. डावीत अंधार. त्यांनी लाकडी गज घातला तशी वाळलेली माती आणि माशीची टरफलं कागदावर पडली. कुंभारमाशीनं आत घर केलं होतं.

"बार काढला असता ना, तर नळी फाटली असती. हात गेला असता. आँख भी."

मी तिथल्या स्टुलावर बसले. मला काकांचे हात दिसत होते.

खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्याला चीर होती. वडिलांनी तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. मिस्त्री म्हणाले, "तार काढावी लागेल. तिच्याखाली चीर वाढत जाते, दिसत नाही." मला ते जड गेलं, पण हो म्हटलं. नवा दस्ता सोपा पडला असता. त्यांनी जुनाच सांधून दिला, पाच आठवडे लावून.

चाचणीसाठी मी त्यांना स्कूटीवर शेतात नेलं. त्यांनी बंदूक ट्रॅक्टरच्या जुन्या टायरला बांधली, चापाला लांब दोरी लावली आणि आम्हा सगळ्यांना ट्रॉलीमागे बसवलं. दोन्ही बार नीट निघाले. त्यांनी नळ्या, सांधा पुन्हा तपासला आणि मग बंदूक माझ्या हातात दिली.

"अब तू."

मी आभाळाकडे बार काढला. खांदा आठ दिवस दुखत होता.

आई आणि काकाही आले होते. मिस्त्रींनी काकांना नळीतल्या मातीची गोष्ट सांगितली, तेव्हा ते बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिले. मग आईजवळ जाऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही अडवलं म्हणून."

"चहा घ्या भाऊजी," आई म्हणाली.

आता मिस्त्रींना दिसत नाही, दुकान बंद आहे. ईदला मी केळ्यांचा घड घेऊन त्यांच्याकडे जाते. ते माझा आवाज ओळखतात आणि दरवेळी पहिलं तेच विचारतात, "दस्ता हिलता तो नहीं?"

"नाही चाचा. अगदी घट्ट आहे."