सूर्य पाठीशी

आधी ते मान खाली घालायचे.

बाजाराच्या दिवशी, कळमनुरीच्या रस्त्याच्या कडेला, पोटाशी धरलेल्या काळ्या डब्यात डोकं घालून भाऊ उभे राहिले की नव्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ आपल्याला नमस्कार करतोय. मग तोही घाईघाईने हात जोडायचा आणि नेमका तेव्हाच खटका पडायचा. त्या काळातले आमच्या गावचे फोटो पाहाल तर निम्मं गाव हात जोडून उभं आहे. तुम्ही म्हणाल, काय नम्र माणसं होती! कसली नम्र? फसलो होतो आम्ही.

तो कॅमेरा हैदराबादहून आलेला, भाऊंच्या चुलत्याचा. त्याला दोन डोळे, एकाखाली एक. बघायचं मात्र वरून, विहिरीत वाकून बघतात तसं.

"हलू नका," भाऊ म्हणायचे. मग जरा थांबून, "पर दम सोडा."

हे दोन्ही एकदम कसं करायचं ते कुणालाच उमगायचं नाही. पण दम सोडला की माणसाचे खांदे उतरतात, चेहऱ्यावरचा पाहुणा निघून जातो आणि घरचं माणूस उरतं. भाऊ त्याचीच वाट बघत असायचे.

त्यांच्या स्टुडिओच्या समोरच्या ओट्यावर माझं शिलाईचं मशीन. मी ब्लाउज शिवायची. तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही परभणीत मोडायचो, आणि मी तिशीत मोडायची. खरं वय विचारू नका, नातीलाही सांगितलेलं नाही.

दर दिवाळीला मी भाऊंकडून फोटो काढून घ्यायची. मागे रंगवलेला पडदा: तळं, बर्फाचे डोंगर, दोन बदकं. मी स्टुलावर कोपर टेकून लांब कुठेतरी बघायची, जणू त्या बर्फातून कुणी घोड्यावरून मला न्यायला येणार आहे. न्यायला येणारा माणूस दाराबाहेर माझ्या चपला सांभाळत उभा असायचा. ते सगळे फोटो अजून आहेत. नात बघते आणि पोट धरून हसते. मीही हसते, पण दुसऱ्या खोलीत जाऊन.

एका रोलमध्ये फोटो बाराच. अकरा गिऱ्हाइकांचे: फॉर्मला लावायचे, साखरपुड्याचे, जावळाचे. शेवटचा एक ते कुणालाच द्यायचे नाहीत.

"बारावा गावाचा," म्हणायचे.

त्या एका फोटोसाठी ते दोन-दोन दिवस हिंडायचे. सिद्धेश्वरच्या धरणावर जाळ्यावरच झोपी गेलेला मासे धरणारा, नरसीच्या रस्त्यावर स्वतःच्याच हातात बांगड्या भरून बघणारी बांगडीवाली, तांड्यावरची एक आजी, जिच्या ओढणीच्या आरशांत ऊन पडून फोटोत नुसते पांढरे ठिपके उमटलेले. हे फोटो कुणी मागितलेले नसायचे. उन्हाळ्यात रोल खराब होऊ नये म्हणून बिस्किटाच्या डब्यात घालून तो डबा ते माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायचे. घरात पाहुणा आला तर पाणी उशिरा मिळे, पण रोल गार असायचा.

या बाराव्या फोटोंत एक खोट असायची. खाली, पायाशी, भाऊंची स्वतःची सावली यायची. कोपरं बाहेर, मान खाली. गिऱ्हाइकांच्या फोटोतली सावली ते कटरने कापून टाकायचे. गावाच्या फोटोतली राहू द्यायचे.

"भाऊ, तुमाला फोटू काढता येत न्हाई," मी एकदा सगळ्या बायकांसमोर म्हणाले. "दर फोटूत मदी मदी काहून येता?"

"सूर्य पाठीशी पाहिजे नं, ताई. अन् सूर्य पाठीशी घेतला की माणूस पुढं पडतोच."

मला तेव्हा वाटलं, सारवासारव करतोय.

एकदा दुपारी त्यांनी मला त्या डब्यात बघू दिलं. मी वाकले. काचेवर अख्खा बाजार मावला होता, सुपारीच्या डब्याएवढा. शेळ्या, कांद्याचे ढीग, छत्र्या, सगळं होतं, आवाज तेवढा नव्हता. नांदेडकडे चाललेली बैलगाडी काचेत हिंगोलीकडे जात होती. उजवीकडची माणसं डावीकडून येत होती. आणि त्या उलट्या, मुक्या बाजारातून माझी सासू डोक्यावरचा पदर सावरत माझ्याकडे येत होती, इतकी सावकाश, इतकी देखणी, की मला क्षणभर वाटलं, ही कोण बाई? डोकं वर काढलं तर सासूबाई समोर उभ्या.

"काय बघून राहिलीस त्यात? भाजी करपली तिकडं!"

मी पुन्हा काचेत वाकले. पण त्या आता काचेतून बाहेर निघून गेल्या होत्या.

सासूबाई दुपारी माझ्यासोबत ओट्यावर बसून हूक लावायच्या. त्या जन्मात कधी पडद्यासमोर बसल्या नव्हत्या. "मला कोन बगतंय," म्हणायच्या. एका दुपारी माझी कात्री सापडेना. मी मशीन हलवलं, चिंध्या उपसल्या, आणि शेवटी बोट नाचवत त्यांच्यावर घसरले.

"तुमीच घेतली. दुसरं कोन हाये इथं?"

"मी काहून घेऊ? मला काय झबलं शिवायचंय आता?" असं म्हणत त्या जरा सरकल्या आणि त्यांच्या मांडीखालून कात्री निघाली. अख्खी दुपार त्या कात्रीवर बसल्या होत्या. त्यांना असं हसू फुटलं की पदर डोक्यावरून खाली आला.

खटका मला ऐकूच आला नाही.

चार दिवसांनी भाऊंनी फोटो आणून दिला. सासूबाई तोंडभर हसतायत आणि शेजारी मी, बोट रोखलेलं, तोंड उघडं, केस पिंजारलेले. बर्फातली राणी नव्हे, बाजारात खेकसणारी बाई. त्यात भर म्हणून भाऊंची सावली माझ्या नव्या साडीच्या काठावर पसरलेली.

"सावली कापा," मी म्हणाले.

"ती कापता येती. तोंड कसं कापू, ताई?"

मग मीच तो फोटो फाडला. चार तुकडे केले आणि त्यांच्या पुढ्यात टाकले. भाऊंनी वाकून चारही उचलले.

"फाडा की. कागदच हाये," एवढंच म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले. माझ्यासारखी शहाणी बाई तालुक्यात दुसरी नव्हती.

आता तुम्हाला माहीतच आहे, घरातलं माणूस गेलं की तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो लागतो. आणि आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा, त्यातही बायांचा, फोटोच नसायचा. मग घरचे लोक भाऊंकडे यायचे. "जरा बघा नं भाऊ, आमची माय कुठं उभी हाये का तुमच्या बाजारात."

भाऊ डबे उघडायचे. निगेटिव्हच्या एकेका पाकिटावर पेन्सिलने लिहिलेलं: 'शेळी बाजार, सकाळ'. 'वारं सुटलं'. 'चहा सांडला'. भिंग लावून ते गर्दीत शोधत बसायचे आणि कांद्याच्या ढिगामागून, छत्रीखालून, कुणाच्या तरी खांद्याआडून त्या माणसाला बाहेर काढायचे. एवढा लहान चेहरा मोठा केला की त्याचे दाणे दाणे व्हायचे, ज्वारीसारखे. पण घरचे लोक ओळखायचे. "व्हय व्हय, अशीच बघायची," म्हणून तिथेच रडायचे.

सासूबाई पोळ्याच्या आधी गेल्या. तेव्हा मला रस्ता ओलांडायला तीन दिवस लागले. सहा पावलांचा रस्ता.

मी दारात उभी राहिले. काही बोलायच्या आधीच भाऊ आत गेले आणि ओला फोटो चिमट्याने धरून बाहेर आले. पाकीटही दाखवलं. त्यावर लिहिलं होतं: 'कात्री सापडली'.

मोठ्या केलेल्या त्या फोटोत सासूबाई हसत होत्या. मी नव्हते, मला त्यांनी काढून टाकलं होतं. फक्त माझं रोखलेलं बोट राहिलं होतं, त्यांच्या गालाशी. ते कापायचं तर सासूबाईंचा गाल गेला असता.

नणंद म्हणाली, "हसतं माणूस पाटावर ठेवत्यात का कुठं?"

"मग रडतं आणून देऊ का?" भाऊंनी विचारलं.

आजही तो फोटो माझ्या घरात आहे. हार घालताना रोज ते बोट आडवं येतं.

भाऊंच्या बायकोचं मात्र निराळंच गाऱ्हाणं होतं. स्टुडिओच्या मागेच त्यांचं घर. तिथे भिंतीवर लग्नाचा फोटो होता आणि त्यात वहिनी एकट्या. मांडवाबाहेर उन्हात, मुंडावळ्या बांधलेल्या, डोळे बारीक केलेल्या. नवरदेवाचा पत्ता नाही. कारण गावात तो कॅमेरा दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हता.

"भटजी वरडून राहिले, माझा बाप वरडून राहिला," वहिनी सांगायच्या, "अन् ह्ये बाशिंग बांधून डब्यात डोकं घालून हुबे. म्हंतात, हलू नको, पर दम सोड. बगा की फोटू. लगीन माझं एकटीचंच झालंय."

"मी हाये त्यात," भाऊ हसत म्हणायचे. "नीट बघ."

"कुठं? त्या अंड्यात?"

वहिनींच्या वडिलांनी नांदेडहून फ्रेम करून आणली होती. काचेखाली लाल मखमलीचा पुठ्ठा आणि त्याला मधोमध अंड्यासारखी खिडकी. खिडकीत वहिनी. हा संवाद मी इतक्यांदा ऐकला की त्यांचं ठरलेलं भांडण असावं असं समजून मी पुढचा हूक लावायची.

मग आमचा जिल्हा वेगळा झाला. हिंगोलीत कॉम्प्युटरवाले स्टुडिओ आले. तिथे बर्फ, समुद्र, ताजमहाल, हवं ते माणसाच्या मागे लावून मिळायचं. मीही गेले तिकडे एकदा, खोटं कशाला सांगू. त्यांनी माझ्या सुरकुत्या पुसल्या. घरी आणलेला फोटो पाहून नवरा म्हणाला, "ही कोन?"

भाऊंना रोल मिळेनासे झाले. माठाखाली शेवटचा एक उरला, तो त्यांनी वर्षभर पुरवला. पुढे दाराशी खुर्ची टाकून नुसते बसायचे. हातात कॅमेरा नसला तरी समोरून कुणी सावकाश, आपल्याच नादात चाललेलं दिसलं की त्यांची मान आपोआप खाली जायची. जाणारा हात जोडायचा. भाऊ तसेच, स्वतःच्या रिकाम्या ओंजळीत बघत.

एका सकाळी त्या खुर्चीतच गेले. कॅमेऱ्यात रोल तसाच होता. कितवा फोटो झाला ते दाखवणाऱ्या मागच्या लाल खिडकीत आकडा होता अकरा.

आठ-दहा दिवसांनी वहिनी रस्ता ओलांडून माझ्या ओट्यावर आल्या. त्यांचा आवाज मी ओळखला नाही, पण वाक्य ओळखलं.

"माय, तुज्यापाशी ह्यांचा फोटू हाये का?"

साऱ्या गावाला चेहरे काढून देणाऱ्या माणसाचा चेहरा कुठेच नव्हता. मतदानाच्या कार्डावर होता, पण इतका काळा की त्यात माझा नवराही चालला असता. तेरावं तीन दिवसांवर. आम्ही दोघींनी सगळे डबे उपसले. भिंग लावून गर्दीत शोधलं. शेळी बाजार, वारं सुटलं, चहा सांडला. सगळं गाव सापडलं. माझी सासू आणखी दोनदा सापडली. भाऊ फक्त खाली, पायाशी. काळे, मान खाली घातलेले.

"सावली तेवढी हाये जागोजाग," वहिनी म्हणाल्या आणि भिंग खाली ठेवलं.

माझी नजर भिंतीवरच्या फ्रेमकडे गेली. उन्हात बारीक केलेले डोळे. म्हणजे सूर्य नवरीच्या समोर होता. म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी.

मी घरी जाऊन कात्री आणली. तीच, सासूबाई बसल्या होत्या ती. फ्रेम उतरवली, मागचा चिकटवलेला कागद सरळ रेषेत कापला, खिळे वाकवले आणि लाल पुठ्ठा बाजूला केला.

खिडकीत होता तेवढा फोटो पिवळा पडला होता. पुठ्ठ्याखालचा भाग कालच धुतल्यासारखा. तिथे वहिनींच्या पायापासून खाली एक सावली पडली होती. कोपरं बाहेर, मान खाली, डोक्यावर बाशिंगाचा तुरा. तिचं डोकं वहिनींच्या शालूच्या काठाला टेकलेलं. लेकीच्या पायाशी काहीतरी काळं आहे म्हणून बापाने झाकून टाकलं असणार. माझ्यासारखाच शहाणा माणूस.

वहिनी फोटोवर वाकल्या. मग बोटाने बाशिंगाचा तुरा चाचपला.

"हाये की," म्हणाल्या. "सांगत होते नं मला. नीट बघ, नीट बघ."

फोटो पुठ्ठ्याशिवाय काचेत घातला. तेराव्याला मी हार घेऊन गेले. पाटावरच्या फ्रेमला घालणार तोच वहिनींनी माझा हात धरला.

"थांब, माय. त्यात मी बी हाये. जित्या बाईला हार घालतीस का?"

मी हार धरून तशीच उभी. तेराव्याला आलेली माणसंसुद्धा हसली. शेवटी तो हार मी घरी आणून सासूबाईंना घातला, बोट चुकवून.

भाऊंच्या फोटोला अजून हार नाही. वहिनी आहेत तोवर पडणारही नाही. मी दुपारची त्यांच्याकडे चहाला जाते. आत शिरताना समोरच्या भिंतीवर ते दिसतात, मान खाली घालून. मला दरवेळी वाटतं, नमस्कार करतायत. मी घाईघाईने हात जोडते. मग लक्षात येतं आणि तशीच उभी राहते. हलत नाही. दम सोडते.